बंडेप्पाच्या हातचं रुखवत

माझ्या सासूबाईंच्या काचेच्या कपाटात एक कासव आहे. नारळाच्या करवंटीचं. पाठ तेल पिऊन काळीभोर झालेली, पाय सुपारीचे, डोळे मोहरीचे. मान मात्र नाही. डोळे सरळ पाठीच्या काठालाच चिकटवलेले. पाहुणे आले की सासूबाई कपाट उघडतात, कासव तळहातावर घेतात आणि म्हणतात, "आमच्या नागरत्नानं केल्तं, लग्नात. भिऊन मान आत घेतलीया, असं दाखवलंय बघा." नागरत्ना म्हणजे मी. मी जन्मात करवंटी तासलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना जीभ अडखळणार नाही.

ते कासव बंडेप्पानं केलं.

मुडबी माझं माहेर, बसवकल्याण तालुक्यातलं. माझे वडील अमृतप्पा यांचं तिथं किराणा दुकान होतं आणि समोरच्या बोळात बंडेप्पाचं घर. जातीनं हटकर. त्याच्या आजाच्या काळी दोनशे मेंढरं होती म्हणे. बंडेप्पाच्या वाट्याला चार शेळ्या आणि दोन एकर मुरमाड रान आलं. त्यात भागत नाही म्हणून तो दुसऱ्यांच्या तुरी काढायला जायचा. नखं फुटलेली, तळवे खरबरीत, एक अंगठा कधीतरी विळ्यानं कापून वाकडा झालेला. त्या हातांकडं बघून कुणी त्यांत सुई दिली नसती. पण त्याची आई लोकर कातायची आणि लहानपणी तो तिच्याजवळ बसून चाती फिरवायचा. बोटांना तेव्हा जे वळण लागलं ते मेंढरं गेली तरी गेलं नाही.

सुरुवात झाली ती त्याच्या बहिणीच्या, नागूबाईच्या लग्नापासून. ब्याण्णव साल. सोयरीक उदगीरकडची, आणि पाहुण्यांनी रुखवत मागितलं. नवरीनं स्वतःच्या हातानं खाण्याच्या आणि शोभेच्या वस्तू करायच्या, त्या मांडवात मांडायच्या आणि वरपक्षाच्या बायांनी त्यावरून पोरीची पारख करायची, अशी ही पद्धत. नागूबाई सकाळी खुरपं घेऊन रानात जायची ती दिवस मावळता परत यायची. तिच्या हाताची पारख करायचीच होती तर पाहुण्यांनी रानात जाऊन तिचं खुरपलेलं बघायला हवं होतं. पण मांडवात कुणी खुरपलेलं रान मांडत नाही.

बंडेप्पानं ठरवलं, आपण करायचं. शिकायचं कुठून? तर आमच्या दुकानातून. वडील पुड्या बांधायला लातूर-सोलापूरच्या पेपरांची रद्दी आणायचे. त्यांतल्या पुरवण्यांमध्ये शहरातल्या बायांसाठी सदरं असायची, घरच्या घरी हे करून बघा, टाकून देऊ नका त्याचं ते करा. बंडेप्पा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. गूळ घरी नेला की आधी कागद वाचायचा, मग गूळ. अडचण एवढीच होती की वडील पुडी बांधताना कागद फाडत, आणि तो कुठं फाडायचा हे साखर किती मागितली यावर ठरायचं. त्यामुळं बंडेप्पाला मिळणारी प्रत्येक कृती अर्धी असे. कासवाची कृती "आता मानेसाठी" या शब्दांपाशी संपली होती. दुसरा माणूस असता तर उरलेली पुडी कुणी नेली ते शोधत फिरला असता. बंडेप्पानं मान सोडून दिली आणि डोळे पाठीला चिकटवले.

नागूबाईच्या रुखवतावर हे कासव होतं, सुपारीचे नवरा-नवरी होते, मण्यांचा पोपट होता, आणि केसासारख्या बारीक शेवयांची एक चुंबळ होती. उदगीरच्या बाया बोटं तोंडात घालून बघत राहिल्या. "पोरगी लई हुन्नरी हाय," असं त्या म्हणाल्या. नागूबाई खाली मान घालून बसली. ती लाजली असं सगळ्यांना वाटलं.

त्यानंतर बंडेप्पाकडं पोरींच्या आया यायला लागल्या. आधी गावातल्या, मग आजूबाजूच्या वाड्यांवरच्या. दुपारी याव्यात, त्याच्या बायकोशी, मल्लव्वाशी, पाऊसपाण्याच्या गप्पा माराव्यात, आणि उठताना सहज म्हणावं, "आमच्या सिद्धव्वाचं जमायलंय बगा जनवाड्याकडं." एवढ्यावर बंडेप्पाला सगळं कळायचं. तो त्याचे पैसे घेत नसे. लग्नात टोपी-टॉवेल मिळायचा, तेवढा घ्यायचा. त्याची एकच मागणी असायची, जेवायला बोलवा. आणि बोलावलं की तो बुंदीचं ताट घेऊन रुखवताच्या मेजाजवळच्या खांबाला टेकून उभा राहायचा आणि वरपक्षाच्या बाया काय म्हणतात ते ऐकायचा. स्वतःच्या कौतुकाला असा चोरून आलेला माणूस मी दुसरा बघितला नाही.

सगळंच काही जमायचं नाही. पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात टोमॅटो मातीमोल झाले तेव्हा त्यानं सॉस करायचं मनावर घेतलं. कागद चांगला हातभर मिळाला होता. टोमॅटो शिजवा, गाळा, साखर-मीठ घाला, आटवा, सगळं होतं. शेवटचं वाक्य होतं, "बाटल्या भरताना एक खबरदारी मात्र अवश्य घ्यावी, ती म्हणजे". पुढं कागद नव्हता. बंडेप्पानं खूप विचार करून स्वतःच्या बुद्धीनं खबरदारी घेतली. बुचं दगडानं ठोकून घट्ट बसवली. मग त्या बाटल्या कौतुकानं आमच्या दुकानात, वडिलांच्या डोक्यावरच्या फळीवर मांडल्या.

चौथ्या दिवशी भर दुपारी पहिली बाटली उडाली. मग दुसरी, मग मोजायला कुणी थांबलं नाही. मिरची घ्यायला आलेली कमलबाई मिरची तिथंच टाकून पळाली. वडील गल्ल्यावर तसेच बसलेले, कपाळावरच्या विभूतीच्या पट्ट्यांवरून सॉस ओघळतोय, आणि बंडेप्पा धावत आला, त्यानं आधी वडिलांच्या खांद्यावरचा सॉस बोटानं घेऊन चाखला. म्हणाला, "चव बरुबर आलीया, अण्णा." वडील त्याच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. रद्दी मात्र देत राहिले.

त्या वर्षांत एकूणच उलटं वारं सुटलं होतं. दिल्लीत काय ठरलं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, दुकानात मात्र दिसायला लागलं. घरोघरी होणारे पापड, शेवया, लोणची पाकिटांत घालून आमच्याकडं विकायला यायला लागली. आणि जे कायम दुकानातून आणायचं, ते सॉस, जॅम आणि केक, आपण घरी करावं असं लोकांना वाटायला लागलं. माझी आई पाकिटातले पापड तळायची आणि कुकरमध्ये वाळू घालून केक करायची. शाम्पूच्या रिकाम्या पुड्यांचा रस्त्याला खच पडायचा. बंडेप्पा त्या गोळा करून धुवायचा, दुमडायचा आणि त्यांची तोरणं करायचा. त्या तोरणांना वर्षभर वास यायचा.

आता हे सगळं गुपित होतं का? होतं आणि नव्हतं. बंडेप्पा रुखवतं करतो हे तीन तालुक्यांत माहीत होतं. पण प्रत्येक सासूची खात्री असायची की बाकीच्यांच्या सुनांची त्यानं केली असतील, आपल्या सुनेचं मात्र तिच्याच हातचं. एकाच आळीत चार घरांत बिनमानेची चार कासवं असायची, आणि चौघी सासवा एकमेकींची कासवं बघून मनातल्या मनात हसायच्या.

माझं लग्न अठ्ठ्याण्णवला झालं. जनवाड्याला दिलं. रुखवत अर्थातच बंडेप्पा मामानं केलं. शेंगांच्या पोळ्यांची चळत, पाच रंगांच्या करंज्या, तूर-मूग-मसूर चिकटवून केलेला मोर, सुपारीचा जंगम स्वामी, त्याच्या कपाळाला खरी विभूती. आणि कासव. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं माझी उजळणी घेतली.

"कुनी इचारलं करवंटी कशानं तासली, तर काय म्हनशील, रत्नाक्का?"

"फुटक्या काचेनं."

"आन चकाकी?"

"करडीचं तेल."

"किती दिवस लावलं?"

"आठ."

"धा म्हन. आठात एवढी येत न्हाई."

मांडवात सासूबाईंनी, म्हणजे बसम्मांनी, नेमकं तेच विचारलं. मी पाढे म्हटल्यासारखं सांगितलं. खांबाजवळ बंडेप्पा मामा ओठ हलवत माझ्याबरोबर म्हणत होता. सासूबाईंनी कासव हातात घेतलं, पालथं-उलथं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "असली सफाई म्या कवा बघितली न्हाई." मी निघाले तेव्हा तो गाडीपाशी आला आणि त्यानं हळूच विचारलं, "काय म्हनल्या त्या? नीट सांग बरं." त्यानं ऐकलं होतं. त्याला परत ऐकायचं होतं. मी सांगितलं. माझ्या डोळ्यांत माहेर सुटल्याचं पाणी होतं, त्याच्या कशाचं होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

मला त्या खोट्याची लाज वाटली नाही. सगळ्याच तसं करत होत्या.

त्याच्या डोळ्यांतल्या पाण्याचं कळलं ते नंतर, वडिलांकडून. बंडेप्पाला एकच मुलगी, अंबिका. ती आठवीत गेली तेव्हापासून तो तिच्या लग्नासाठी एक वस्तू करत होता. मुडबीचा आठवडी बाजार. काड्यापेटीतल्या काड्यांची पालं, तुरीच्या डाळीचे ढीग, सुपारीची माणसं, त्याच्या आईनं कातलेल्या शेवटच्या लोकरीची मेंढरं. माझे वडीलही होते त्यात, कपाळाला विभूती आणि हातात शर्टाच्या गुंड्यांचा तराजू घेऊन. एका एका माणसाला तो महिना महिना लावायचा. वडिलांना म्हणाला होता, "अण्णा, आजपस्तोर समद्यांची नावं झाली. अंबिकाच्या लग्नात मातर मला काय बोलायची गरज न्हाई. पोरीच्या बापाचं नाव बंडेप्पा म्हनल्यावर रुखवत कुनी केलं ते आंधळ्याला बी कळंल. एकदा तरी लोक म्हनले पायजेत, हे बंडेप्पानं केलं."

एवढंच त्याला हवं होतं. आयुष्यात एकदा.

अंबिका म्हणजे देवानं केलेली गंमत होती. बसवकल्याणच्या कॉलेजातून बी.ए. झाली, गावातल्या पोरांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची, हिशोबाला पक्की, बोलायला त्याहून पक्की. पण हात असे की पाण्याचा तांब्या उचलला तरी निम्मं पाणी सांडावं. सुई कापडात कमी आणि बोटात जास्त जायची. शाळेत बाई तिला म्हणायच्या, "बंडेप्पाची ना तू?" त्या प्रश्नाचा तिला राग यायचा.

दोन हजार सहाला तिचं ठरलं. मुलगा सुनीलकुमार, आमच्या जनवाड्याचाच, पुण्याला गाड्यांचे भाग करणाऱ्या कंपनीत कामाला. त्याची आई विमलबाई आमच्या शेजारची. सुपारी फोडायच्या दिवशी त्या म्हणाल्या, "आमाला हुंडा नको, गाडी नको. रुखवत तेवढं असं पायजे की जनवाड्यातल्या बाया वरीसभर बोलल्या पायजेत. आन पोरीच्या हातचं पायजे, हां." आणि बंडेप्पाकडं बघून हसल्या. सगळेच हसले. बंडेप्पाचा चेहरा असा फुलला होता की मल्लव्वानं त्याला कोपरानं ढोसलं.

पाहुणे गेल्यावर अंबिका बापासमोर येऊन उभी राहिली. पुढचं मला मल्लव्वानं सांगितलेलं आहे.

"अप्पा, रुखवत म्या करनार."

"कर की. म्या सुरूच केलंय कवाच."

"तुमी न्हाई. म्या एकली. तुमी हात लावायचा न्हाई."

"कामून गं?"

"पोरीच्या हातचं पायजे म्हनल्या की त्या. म्या व्हय म्हनले. आता खोटं बोलून नांदायला जाऊ व्हय? ह्या गावच्या समद्या पोरी गेल्या तशी?"

"अगं, तुला येत न्हाई."

"न्हाई येत तर न्हाई येत. कसली हाय मी ते बघू द्या त्यास्नी. बिरोबाची आन हाय तुमाला, हात लावला तर."

बिरोबाची आण म्हटल्यावर हटकराचं बोलणं संपतं. बंडेप्पा आमच्या दुकानात येऊन पोत्यावर बसला. चौदा वर्षं ज्यानं दुनियेतल्या पोरींना आपले हात उसने दिले, त्याला स्वतःच्या पोरीनं ते मागे घ्यायला सांगितलं होतं. शेवटी एवढंच म्हणाला, "तिचं खरं हाय, अण्णा. पर माझं काय?" वडिलांनी त्याला चहा दिला. घरी जाऊन त्यानं आठ वर्षांचा बाजार पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला.

मग दोन महिने अंबिका रुखवत करत होती आणि बंडेप्पा लिंबाखाली स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसत होता. ती करवंटी तासताना उलट्या बाजूनं काच धरायची, तो डोळे मिटून घ्यायचा. तिनं डिंक नको तेवढा घातला की त्याच्या तोंडातून आवाज निघायचा. "अप्पा!" ती ओरडायची. तो उठून शेळ्या घेऊन निघून जायचा. शेळ्यांनी त्या उन्हाळ्यात जितकं रान बघितलं तितकं आधी कधी बघितलं नसेल.

अंबिकाला कासवाची कृती पूर्ण मिळाली होती, दुपारच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमातून, मानेसकट. तिनं मान केली. ती एवढी लांब झाली की गल्लीतली पोरं त्या कासवाला उंट म्हणायला लागली. मण्यांचा पोपट झाला तो कावळ्याच्या अंगलटीचा. करंज्यांनी तळताना तोंडं उघडली. शेवया सुतळीएवढ्या. तिनं ते सगळं ताठ मानेनं मेजावर मांडलं.

लग्न मुडबीलाच, मराठी शाळेच्या पटांगणात. मी सासूबाईंबरोबर जनवाड्याहून वऱ्हाडात आले होते. म्हणजे मी माहेरची होते आणि वरपक्षाचीही. अक्षता पडल्या, जेवणाच्या आधी रुखवतावरचं कापड काढायला विमलबाईंना बोलावलं. जनवाड्याच्या बाया भोवती जमल्या. बंडेप्पा या वेळी खांबापाशी नव्हता. वधूपिता, नवा फेटा बांधून मेजाशेजारीच उभा होता. कापड निघालं.

विमलबाईंनी तो उंट उचलला, बघितला, खाली ठेवला. एक करंजी उचलली, तिच्यातलं सारण सांडलं. मग त्यांनी बंडेप्पाकडं बघितलं, आणि त्यांना खरोखर वाईट वाटल्याचं आवाजातून कळत होतं. "पाव्हणं, हात थकले म्हनायचे तुमचे आता."

मला हे कळायला क्षणभर लागलं. चौदा वर्षं या माणसानं केलेलं सगळं पोरींच्या नावावर गेलं होतं. पहिल्यांदाच पोरीनं स्वतः केलं, तर ते त्याच्या नावावर आलं.

अंबिका मुंडावळ्या सावरत पुढं आली. "त्यांनी न्हाई केलं. म्या केलंय. समदं म्या केलंय, हे कासव, ह्या शेवया, समदं."

विमलबाईंनी तिच्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा मऊ झाला. बाकीच्या बायाही हसायला लागल्या, चांगलं हसणं. "बघा गं," विमलबाई म्हणाल्या, "बापाची लाज राखायलीया पोरगी. समदं आपल्या अंगावर घेतलं. सून पायजे तर असली पायजे." आणि त्यांनी अंबिकाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"तसं न्हाई, खरंच म्याच..." अंबिका रडकुंडीला आली होती. ती जितकं खरं बोलत होती तितकं तिचं कौतुक वाढत होतं.

सगळ्यांच्या नजरा बंडेप्पावर. त्यानं पोरीकडं बघितलं, तिच्या सासूच्या तिच्या खांद्यावरच्या हाताकडं बघितलं. मी त्याला विचार करताना बघत होते. फार वेळ लागला नाही त्याला.

"व्हय, विहीणबाई," तो म्हणाला. "हात थरथरायलेत आता. नजर बी कमी आलीया. पोरीची काय चूक न्हाई ह्याच्यात, मीच केलंय समदं." तो तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होता. आदल्या दिवशी वऱ्हाड गावात उतरलं तेव्हा त्यानं शेळीच्या खुरातला काटा पहिल्या झटक्यात काढलेला मी डोळ्यांनी बघितला होता.

इथंच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण आमच्या सासूबाईंना राहवलं नाही. त्या पुढं सरकल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "कासव बघायचं आसंल तर आमच्या घरी या समद्या. आमच्या नागरत्नानं केलंय. बंडेप्पा, तू बी ये एकदा. शिकून जा तिच्याकडून."

त्या मांडवात आम्ही निदान नऊ-दहा जणी होतो, ज्यांची रुखवतं त्यानं केली होती. एकीनं तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं. कुणी डोक्यावरचा पदर नीट करत होती, कुणी पोराचं नाक पुसत होती. आणि माझ्या तर नावानं बोलणं चाललं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा बोलेल. बोलला असता तर त्याचा हक्कच होता.

"खरं हाय, अक्का," तो सासूबाईंना म्हणाला. "रत्नाक्काच्या हाताला जी सफाई हाय, ती माझ्या हाताला कवाच नव्हती."

मी खाली बघितलं. जमिनीवर अक्षतांचे तांदूळ पडले होते, ते बघत राहिले. मी बोलायला हवं होतं. आजही भाकरी थापताना मधूनच ते आठवतं आणि संताप येतो, स्वतःचाच. मी बोलले नाही कारण सासूबाई शेजारी होत्या आणि मला त्या घरात राहायचं होतं. एवढं साधं कारण आहे. सासूबाई त्या दिवशी फार खुशीत होत्या, त्यांनी दोनदा बुंदी वाढून घेतली.

पुढच्या लग्नसराईत बंडेप्पाकडं कुणी आलं नाही. "हात थरथरायलेत म्हनं त्याचे," असं एकीनं दुसरीला सांगितलं आणि ज्या पोरींच्या आयांना खरं माहीत होतं त्यांनीही मान हलवली. तसंही एव्हाना बसवकल्याणच्या दुकानांत तयार रुखवतं भाड्यानं मिळायला लागली होती. थर्माकोलची सप्तपदी, थर्माकोलची तुळस. लग्न झालं की परत नेऊन द्यायची. खोटं तेच, फक्त त्याला आता कुणाचे हात लागत नव्हते. बंडेप्पा तुरी काढायला जात राहिला. रद्दीचे कागद वाचणं मात्र त्यानं सोडलं नाही.

अंबिका पहिल्या पंचमीला माहेरी आली तेव्हा तिला माळ्यावर पोतं सापडलं. तिनं सोडून बघितलं. मल्लव्वा सांगते, पोरगी त्या बाजारासमोर बसून अशी रडली की शेजारच्यांना वाटलं नवऱ्यानं टाकली. जाताना ती पोतं मांडीवर घेऊन पुण्यापर्यंत गेली. तिथल्या एका खोलीच्या घरात तिनं तो बाजार टीव्हीवर मांडला आणि आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात खाली चिठ्ठी लावली, "केले : बंडेप्पा, मुडबी." महिन्याभरानं आमच्या दुकानात तिचा फोन आला. शेजारच्या बाईंनी बाजार बघितला, फार आवडला म्हणे.

"मग? काय म्हनल्या?" बंडेप्पानं रिसीव्हर कानाला दाबून विचारलं.

"म्हनल्या, कोनत्या दुकानातून घेतलं?"

"आन तू?"

"म्या तुमचं नाव सांगितलं."

"मग?"

"त्या म्हनल्या, त्या दुकानाचा पत्ता द्या."

बंडेप्पा एवढा हसला की वडिलांना रिसीव्हर त्याच्या हातातून घ्यावा लागला. मग आठवडाभर तो ही गोष्ट गावात ज्याला त्याला सांगत होता. माझ्या वडिलांना तर त्यानं ती तीनदा सांगितली, आणि तिसऱ्या वेळी ती अर्ध्यावरच सोडून शेळ्यांकडं निघून गेला. विमलबाईंच्या घरात तो उंट अजून आहे. त्या तो जपून ठेवतात आणि आल्यागेल्याला सांगतात, "माझ्या व्याह्यानं केलंय, हात थकल्यावर."

गेल्या महिन्यात आमच्याकडं गाणगापूरला दत्ताच्या दर्शनाला निघालेले पाहुणे उतरले होते. सासूबाईंनी नेहमीसारखं कपाट उघडलं, कासव तळहातावर घेतलं. मी चहाचे कप घेऊन उभी होते. सहा वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते त्या दिवशी कसं कोण जाणे बाहेर आलं.

"अत्ती," मी म्हणाले, "ते कासव म्या केलेलं न्हाई. माझं सगळं रुखवत बंडेप्पा मामानं केल्तं. म्या खोटं बोलले व्हते."

मी कप खाली ठेवले. सासूबाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. आणि मग त्या हसल्या, मऊ, विमलबाई मांडवात हसल्या होत्या तशा.

"येडी का खुळी," त्या म्हणाल्या. "त्याला कुठली आली एवढी सफाई? मांडवात तुझ्यासमोर त्यानंच कबूल केलं न्हवं?" मग पाहुण्यांकडं वळल्या. "माहेरच्या गरीब मानसाची लाज राखायलीया. लई गुनाची हाय आमची सून."

पाहुण्यांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. सासूबाईंनी पदरानं कासवाची पाठ पुसली आणि ते परत काचेआड ठेवलं.